झाकणापुरती ताकद

विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या माणसाचा जन्मभराचा वैरी एकच : वजन. खर्च, वेळ, घरचे लोक, सोसायटीचा सेक्रेटरी ही मंडळी त्यापुढे किरकोळ. आमचा मेहुणा याच पंथातला. त्याच्या टेबलावर सोनाराचा असतो तसला काटा आहे आणि त्यावर सोनं सोडून बाकी सगळं तोललं गेलंय. दुकानात बाल्सा घ्यायला गेला की तो ढिगातली एकेक फळी उचलतो, हवेत हलवून बघतो, टिचकी मारून कान लावतो आणि अर्ध्या तासाने जिच्यात लाकूड सगळ्यात कमी आहे ती फळी घेतो. बाल्सा मुळातच जगातल्या हलक्या लाकडांपैकी. बहुतेक माल इक्वेडोरचा, घनसेंटिमीटरला साधारण ०.१६ ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या सहाव्या हिश्शाएवढं वजन. पण मेहुण्याला तेही जड होतं, म्हणून घरी आणल्यावर तो त्याला भोकं पाडतो. पंखांच्या रिबांना भोकं, सांगाड्याच्या फॉर्मरांना भोकं. कुठे गोंद जास्त झाला तर ब्लेडने खरवडून काढतो. रंगाचा दुसरा हात द्यावा की नाही या विचारात त्याने आख्ख्या रात्री काढल्या आहेत.

आणि हाच माणूस सगळं झाल्यावर त्याच विमानात धातूच्या चकत्या चिकटवतो. साध्यासुध्या नव्हेत, घनसेंटिमीटरला ७.५ ग्रॅमच्या. बाल्साच्या ४५ पटींहून जड. ६ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची एक चकती भरते ०.६४ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या वजनात दीड मिलिमीटर जाडीचा, ५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद बाल्साचा तुकडा येतो. असे तुकडे वाचवण्यात ज्याची हयात गेली, तो या चकत्या चारच्या चार हसत हसत बसवतो. कारण ती निओडिमियमची लोहचुंबकं असतात, आणि त्यांचं वजन धरायचं नसतं. देवाला न्यायचा नारळ सामानात मोजत नाहीत, तसं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर झाकणासाठी.

विजेवर उडणाऱ्या मॉडेलच्या पाठीला किंवा पोटाला एक झाकण असतं. मंडळी त्याला हॅच म्हणतात. त्याखाली लायपो बॅटरी. एक फेरी झाली की झाकण काढायचं, रिकामी बॅटरी बाहेर, भरलेली आत, पुन्हा झाकण. एका सकाळीत हे कितीदा तरी होतं. म्हणजे झाकण असं हवं, की हवेत सुटता कामा नये आणि जमिनीवर अडता कामा नये. मागणी साधी आहे, पण हवा खट्याळ. विमान वेगात गेलं की पाठीवरून जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो आणि झाकण वर ओढलं जातं. जी हवा पंखाला उचलते तीच झाकणालाही उचलते. तिकीट एकाचंच काढलंय हे तिला कोण सांगणार?

त्यावर आजवर झालेले उपाय मी पाहिले आहेत. माझी साक्ष ग्राह्य धरायला हरकत नाही, कारण मेहुण्याच्या विमानाचा पंख त्याच्या गाडीत मावत नाही आणि माझ्या गाडीची मागची सीट आडवी होते, एवढ्या एका गुणावर मी दर रविवारी पहाटे माळावर हजर असतो. रबरबँड उन्हाने विरतात आणि नेमके विमान उलटं असताना तुटतात. चिकटपट्टी धरून ठेवते, पण काढताना अंगावरचा रंग घेऊन निघते. उरला स्क्रू. हवेत स्क्रूएवढं भरवशाचं काही नाही. जमिनीवर मात्र तो गवतात पडतो.

एकदा असाच एक पडला. चार प्रौढ माणसं, त्यात एक हाडांचे डॉक्टर, गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. शेळ्या राखणारा एक म्हातारा बराच वेळ बघत उभा राहिला.

"काय हारवलं, सायेब?"

"स्क्रू."

"कितीचा?"

"असेल दोनेक रुपयांचा."

म्हाताऱ्याने आधी आम्हा चौघांकडे पाहिलं, मग आमच्या तीन गाड्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता शेळ्या पलीकडे हाकल्या.

अशा परिस्थितीत चुंबक आलं. झाकणाला दोन, विमानाला दोन. झाकण नुसतं जवळ न्यायचं, उरलेलं काम ते आपलं आपण करतं. आणि बसताना एक आवाज होतो : टक्. या आवाजाने कितीतरी शहाणीसुरती माणसं वाया गेली आहेत. झाकण लागलेलं असतं, तरी ते पुन्हा काढून पुन्हा लावतात. टक्. पाहुणे आले की लावून दाखवतात. टक्. मेहुण्याच्या घरी पोहे येईपर्यंत मी हा आवाज ऐकत बसतो.

या चकतीमागे केवढं राजकारण आणि केवढी डोकी आहेत हे त्या आवाजातून कळत नाही. पूर्वीची चुंबकं म्हणजे स्पीकरमागची काळी फेराइटची कडी. आकार मोठा, जोर बेताचा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेटनमध्ये कार्ल स्ट्रनॅट यांच्या कामातून समेरियम आणि कोबाल्टची चुंबकं पुढे आली. जोर जबरदस्त, किंमतही तशीच. मॉडेलवाल्यांची मान जिच्यामुळे ताठ आहे ती गोष्ट याच चुंबकांची. ७ जुलै १९८१ रोजी 'सोलर चॅलेंजर' नावाचं विमान नुसत्या सूर्यप्रकाशावर, पोटात जिवंत माणूस घेऊन, फ्रान्सहून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात उतरलं. त्याच्या समेरियम-कोबाल्टच्या मोटारी बनवल्या होत्या अ‍ॅस्ट्रो फ्लाइट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने, आणि त्या कंपनीचा धंदा मॉडेल विमानांच्या मोटारींचा. मेहुणा हा प्रसंग मुंजी, बारशी आणि साखरपुड्यांतून सांगत आला आहे. "खेळणी उडवता का?" असं कुणी विचारलं की तो लगेच खाडीपाशी जातो आणि समोरच्याला घेऊन पलीकडे उतरल्याशिवाय सोडत नाही.

त्याआधीच, १९७८ मध्ये, झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि तिथल्या खाणींतून येणाऱ्या कोबाल्टचे भाव भडकले. कोबाल्टवाचून भागेल का, याचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मासातो सागावा फुजित्सुत होते. मनासारखं संशोधन करता येईना म्हणून ते नोकरी सोडून सुमितोमोत गेले. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट त्याच वाटेवर होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९८३ साली पिट्सबर्गच्या परिषदेत दोन्हीकडून तेच उत्तर मांडलं गेलं : निओडिमियमचे २ अणू, लोखंडाचे १४, बोरॉनचा १. एकाच शोधाच्या दोन कर्त्यांनी एकाच मांडवात येऊन टक् करावं, हे या चुंबकाच्या स्वभावाला धरूनच झालं.

वजनाच्या हिशेबाने यात सत्तर टक्क्यांवर नुसतं लोखंड. म्हणजे एवढा मान, एवढी ऐट, आणि आत आपलं ओळखीचं लोखंड. म्हणून ते गंजतंही. वर निकेलचा चकचकीत मुलामा असतो तोवर ठीक. त्याचा एक टवका उडाला आणि मुंबईचा एक पावसाळा गेला की चकतीची तपकिरी पूड होते.

निओडिमियम ज्या कुळातलं, ती मूलद्रव्यं नावाने दुर्मिळ असली तरी पृथ्वीच्या पोटात बख्खळ आहेत. फक्त एका जागी ढिगाने सापडत नाहीत आणि एकमेकांपासून सुटी करताना जीव नको होतो. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट असतं, त्यात निओडिमियम असतं. ही वाळू सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीची, १९५० साली निघालेल्या इंडियन रेअर अर्थ्सची, कचेरी मुंबईत प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळ आहे. मेहुणा दर्शनाला गेला की दोन दिशांना नमस्कार करतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या कुळातल्या काही मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा देशातल्या गाड्यांच्या कारखानदारांची झोप उडाली. मेहुणा निवांत होता. त्याने चुंबकांचा साठा बिस्किटांच्या डब्यात करून ठेवला होता. डबा पत्र्याचा. आतला साठा डब्याच्या बुडाला, भिंतींना आणि झाकणाला असा घट्ट बसला होता, की चीनचा परवाना त्याहून आधी मिळाला असता.

फुकटात चुंबक हवं असेल तर पुण्यात जुना बाजार आहे. बुधवारी नाहीतर रविवारी जावं, किलोवर विकायला ठेवलेल्या मेलेल्या हार्ड डिस्क उचलाव्यात. प्रत्येकीच्या पोटात वाचणारा हात हलवायला वाकड्या आकाराची निओडिमियमची चुंबकं असतात. ती काढायला तारेच्या टोकाएवढे स्क्रू काढावे लागतात, त्यासाठी वेगळा पाना आणावा लागतो, पान्याची किंमत नव्या चुंबकांपेक्षा जास्त असते. पण "फुकट काढलं" म्हणण्यात जे आहे ते विकतच्या मालात नाही.

आता टेबलाकडे येऊ. निओडिमियमचं चुंबक टेबलावर ठेवणं ही कृती अशी काही नसतेच. आपण ते ठेवतो आणि ते जातं. कधी चिमट्याला, कधी कटरच्या पात्याला, कधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला. दोन चकत्या वीतभर लांब ठेवाव्यात, मधून एक पकड न्यावी, की दोन्ही पकडीवर आणि पकड हातातून खाली. दोन चकत्या एकमेकींकडे सुटल्या आणि मध्ये बोट नसलं, तर त्या आपटून फुटतात. लोखंडाएवढी टणक दिसणारी ही वस्तू प्रत्यक्षात कपबशीच्या जातीची. फुटली तरी जोर जात नाही. तुकडे पुन्हा चिकटतात, पण तिरपे, धारदार कडा बाहेर काढून. मध्ये बोट असलं तर चकत्या फुटत नाहीत, एवढाच फरक. हे चेष्टेवारी झालं. पण घरात लहान मूल असेल तर ही चुंबकं कुलपात ठेवावीत. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग थेट शस्त्रक्रियाच. पेसमेकरवाल्यांनीही ती छातीपासून दूर ठेवलेली बरी.

खरी करमणूक चिकटवताना. प्रत्येक चुंबकाला दोन टोकं. एक समोरच्याला बोलावणार, दुसरं ढकलणार. वरून दोन्ही अगदी एकसारखी. त्यामुळे माणसं खुणा करतात. कुणी मार्करने ठिपका देतं, कुणी "वर" असं लिहितं. ठिपका फेविक्विकने पुसला जातो आणि "वर" लिहिलेलं खाली जातं. मग एके रविवारी माळावर असं विमान येतं ज्याचं झाकण पुढून घट्ट बसतं आणि मागून करंगळीभर वर तरंगतं. दाबलं की बसतं, सोडलं की उठतं. मालक ते हाताने दाबून धरतो आणि सगळ्यांकडे बघतो. जणू उडतानाही तो असाच दाबून धरणार आहे. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "मागचं उलटं लागलंय." हे वाक्य आमच्या माळावर नेहमी कॉलेजचा एक पोरगा उच्चारतो आणि नेहमी विमानाचा मालक घरून निघाल्यानंतरच उच्चारतो.

यावर शिष्टसंमत पद्धत अशी. एक चुंबक विमानाला पक्कं बसवायचं, रात्रभर सुकू द्यायचं. त्यावर पॉलिथिनचा तुकडा, त्यावर दुसरं चुंबक. ते आपल्या मनाने योग्य तोंड करून बसतं. त्याच्या पाठीला गोंद लावून वर झाकण ठेवायचं. चुंबकाला आपलं खरं तोंड माहीत असतं, आपण फक्त मध्ये पडायचं नाही. ही पद्धत बिनचूक आहे आणि ती कुणीही वापरत नाही, कारण तिच्यात रात्रभर थांबावं लागतं. ओल्या गोंदात चुंबक ठेवून "दोन मिनिटं धरतो" म्हणणारे सगळे. धरतातही. दीड मिनिटानंतर आतलं चुंबक उडी मारून बाहेरच्याला जाऊन मिळतं, जाताना गोंद घेऊन जातं, आणि मग झाकण विमानाला जन्मभराचं चिकटतं. तेही टक् न होता.

बसलंच नीट, तर निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो. सँडपेपरने आधी घासलं नाही तर गोंद त्यावर नावापुरता टिकतो. झाकण उचलावं, तर झाकण हातात आणि त्याची चुंबकं विमानातल्या चुंबकांना मिठी मारून खाली. वरून रंगीत फिल्म बसवायला इस्त्री फिरवली तर आणखी एक. साध्या जातीच्या चुंबकाला ८० अंशांपर्यंतचं ऊन सोसतं. इस्त्री शंभराच्या पुढे. फार रेंगाळली तर चकती जागेवर राहते, चकाकतेही, आतलं पाणी मात्र उतरलेलं असतं.

एवढं करून माणसाने थांबावं की नाही? नाही. कारण चुंबकांना ग्रेड असतात. एन ३५, एन ४२, एन ५२. हा आकडा चुंबकात साठवलेल्या ऊर्जेचा, आणि आकडा समोर असला की मराठी माणूस पास क्लासवर समाधान मानत नाही. मेहुणा सरळ एन ५२ वर गेला. मी विचारलं, "पस्तिसात भागत नव्हतं?" तो म्हणाला, "असू दे जास्तीचं. कमी पडायला नको." हे वाक्य आपल्या घराघरांतून लग्नाच्या पंगतीला, पाण्याच्या टाकीला आणि मुलांच्या क्लासेसना लावलं जातं. तेच झाकणाला लागलं. १० मिलिमीटर व्यासाची चार एन ५२, एका बॅटरीच्या झाकणाला.

झाकण लागलं. असं लागलं की टक् ऐवजी ठक् झालं आणि डॉक्टर दचकले. पहिली फेरी सुंदर झाली. विमान खाली आलं, बॅटरी बदलायची वेळ झाली, आणि झाकण निघेना. नखं लावून पाहिली. मेहुणा खाली बसला, विमान दोन गुडघ्यांत धरलं, एक पाय पुढच्या दगडाला लावला आणि स्क्रूड्रायव्हर फटीत घातला. निघालं. झाकणही निघालं, आणि झाकणाखालची चौकट, चौकटीला धरलेला फॉर्मर, फॉर्मरला चिकटलेली बाजूची फळीही निघाली. चुंबकं मात्र चारही शाबूत होती आणि एकमेकांना धरून होती. ज्यांनी काही करायचं नव्हतं ती जिंकली, आणि ज्या विमानासाठी सगळं होतं ते हरलं. तोललं असतं तर त्या चार चकत्यांनीच ७ ग्रॅम खाल्ले होते. पण ते कुणी तोललं नाही, नारळ सामानात धरत नाहीत.

जाणती माणसं जोर विकत घेत नाहीत, जोर बेततात. चुंबकाची पकड अंतराने झपाट्याने उतरते. मध्ये चिकटपट्टीचा एक थर घातला तरी फरक बोटाला कळतो, बाल्साची पातळ चकती घातली तर बराच. आमच्या माळावर एक निवृत्त काका आहेत. बोलणं कमी, विमानं जुनी. ते झाकण बसवून विमान उलटं धरतात आणि वरून दोनदा थोपटतात. पडलं नाही तर मग झाकणाच्या मागच्या टोकाला करंगळी लावतात. करंगळीने निघालं तर पास. एवढीच परीक्षा. पंखही त्यांनी छोट्या ग्लायडरला चुंबकांनीच बसवला आहे. तो एकदा झाडाला अडला, पंख बाजूला उडून पडला, धड खाली आलं. सगळे हळहळले. काकांनी पंख उचलला, टक् केलं, पुन्हा फेकला. त्याच दिवशी बोल्टने पक्का केलेल्या पंखाचं एक विमान त्याच झाडाला अडलं. बोल्ट मजबूत होता, तो तुटला नाही. बाकी सगळं तुटलं.

विमानाच्या मोटारीतही हीच चुंबकं असतात. हल्लीच्या फिरत्या टोपीच्या मोटारीत आतल्या बाजूने, एकाआड एक तोंड फिरवून, बऱ्याचदा १४ लावलेली. त्यांच्या जोरावर मूठभर मोटार किलोभर विमान सरळ उभं वर नेते. पण आपल्या दख्खनला ही सोय पटलेली नाही. आपला काळा दगड बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइटचे कण. दगड झिजला की ते मातीत येतात. विमानाने एकदा नाक टेकलं की मोटार खालची माती हुंगते, त्यातले काळे कण निवडून घेते आणि दाढी राखते. फुंकून ते जात नाहीत, ब्रशने जागा बदलतात. मेहुणा मऊ मातीचा गोळा आणि टूथब्रश घेऊन तासन्‌तास सह्याद्री उकरत बसतो. कोकणातल्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर त्याने विमान एकदाच नेलं. तिथे तर समुद्रानेच चाळून ठेवलेला माल होता.

पोरांच्या विमानांना आता ऑटोपायलट आणि कंपास आला आहे. पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याकडे अर्ध्या गाउसच्या आत. झाकणाच्या चकतीच्या अंगाशी ते हजारांत. कंपास झाकणाखाली बसवला की त्याच्या लेखी उत्तर दिशा म्हणजे झाकण. विमान कुठेही वळो, उत्तर त्याच्याबरोबर वळते. कॉलेजच्या त्या पोराने एकदा "घरी परत ये" हे बटण दाबलं आणि विमानाने गोल गोल फिरून आपल्या झाकणाकडे यायचा मनापासून प्रयत्न केला. पोरगा म्हणाला, "काका, उलटं काही लागलं नाहीये, मग असं का?" निवृत्त काका म्हणाले, "जवळचं जोरात ओढतंय बाळा, लांबचं कुठून ऐकू येणार त्याला?" आणि आपलं विमान पुसत राहिले.

घरात या चुंबकांचा उपद्रव वेगळाच. एकदा टेबलावरचं चुंबक सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांनी आधी हातातल्या बांगड्यांना लावून पाहिलं. सोन्याला चुंबक ओढत नाही. बांगड्या पास झाल्या. मग मोर्चा स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे वळला. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि मांडणीत आमच्या लग्नात आमच्या बाजूने आलेला डब्या-पातेल्यांचा संच होता. टक्. टक्. टक्. सासूबाई माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. नुसतं, "चिकटतंय हो," एवढंच मेहुण्याला म्हणाल्या. चिकटणारं स्टील निकेल नसलेलं, वेगळ्या जातीचं असतं, वाईट असतंच असं नाही, हे समजावण्यात माझी दुपार गेली. पुढे घरात इंडक्शनची शेगडी आली आणि तिच्यावर फक्त चिकटणारी भांडी चालतात हे निघालं, तेव्हा आमच्याकडच्या पातेल्याला मानाने ओट्यावर जागा मिळाली. त्या दिवशी मीही काही बोललो नाही. नुसतं, "चिकटतंय ना?" एवढंच विचारलं.

चौकटीसकट निघालेल्या त्या झाकणाचं पुढे काय करायचं, यावर मेहुण्याकडे बैठक बसली. डॉक्टर म्हणाले जाडी वाढवावी, कॉलेजचा पोरगा म्हणाला कार्बन फायबर घालावं, मेहुणा म्हणाला तोंडं जुळवायला आता जिग बनवतो. वहिनी चहा घेऊन आल्या, थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग आत जाऊन आपली पर्स घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर उघडली. टक्. मिटली. टक्.

"दिवसातून पन्नासदा उघडते मी ही," त्या म्हणाल्या. "एका बाजूला चुंबक आहे, दुसऱ्या बाजूला साधं लोखंडी बटण. उलटं लागायचा प्रश्नच नाही. पैसे पडत नाहीत, आणि उघडायला दगडाला पाय लावून बसावं लागत नाही."

खोलीत शांतता पसरली. निवृत्त काकांनी चहाचा कप खाली ठेवला, पर्स हातात घेतली, करंगळी लावली आणि मान हलवली. मेहुण्याने ती त्यांच्या हातून घेतली, बटणाच्या चारी बाजूंनी नीट पाहिलं, काट्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "यातलं कुठल्या ग्रेडचं असेल गं?"

वहिनींनी पर्स काढून घेतली. हल्ली त्या चेनवाली वापरतात.